फटफटीला भोंगा कशाला?

आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग येणार आहे त्यांना लवकर येईल. जुन्या मोटरसायकलवर भारीतला स्टिरिओ आणि मोठे स्पीकर बसवणं हा माझ्या मते शुद्ध गाढवपणा आहे. नवा बसवू नये. जुना बसवलेला असेल तर तोही काढून ठेवावा. गाणी मलाही आवडतात, रात्री दोनपर्यंत जागून ऐकतो. पण पारावर, ओसरीवर, घरात. ऐंशीच्या वेगाने पळणाऱ्या लोखंडी बुलेटवर नाही.

निमित्त घरातलंच आहे. आमच्या आबांची बुलेट तुम्हा नातेवाइकांना माहीत आहे. ३५० सीसी, उजव्या पायाला गिअर आणि डाव्याला ब्रेक, हेडलाइटच्या माथ्यावर ॲमीटरचा इवलासा काटा. ती आता पुतण्याकडे गेली, ते उत्तमच झालं, गोठ्यात गंजण्यापेक्षा बरं. दिवाळीनंतर त्याला मित्रांबरोबर तिच्यावर हैदराबाद गाठायचंय. त्याने तयारीची यादी पाठवली. चार इंची स्पीकरची जोडी, ४०० वॉटचा ॲम्प्लिफायर, ब्लूटूथवाला डेक, आणि हे सगळं बसवायला लेगगार्डला बांधायचे दोन डबे. खर्च बावीस हजार. यादीत टायर नाही. हेडलाइट नाही. चेन-स्प्रॉकेट नाही. वहिनी म्हणाली, भाऊजी तुम्हीच समजवा. फोनवर तो नुसता "हो काका, हो काका" करतो, म्हणून इथे लिहितोय. चारचौघांत लिहिलं की घरातले सगळे वाचतात आणि मग पोराला घेरतात, हा माझा अनुभव आहे.

आता त्याचे मुद्दे. पहिला मुद्दा, "तुमच्या वेळी पण होतं की." होतं ना! १९८० च्या दशकात टी-सीरिजने कॅसेट स्वस्त केली आणि आपल्याकडे चाक असलेल्या प्रत्येक वस्तूत टेप शिरला. वाशिम-हिंगोली मारणाऱ्या काळी-पिवळीत प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं लागायची, आणि चौदा माणसं कोंबलेल्या त्या जीपमध्ये तेवढाच काय तो मोकळा श्वास. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पेट्या आल्या. चेतक स्कूटरच्या डिकीत कारचा डेक बसवणारे हौशी तर गावोगाव होते. मी हे सगळं पाहिलंय, त्यातलं काही मिटक्या मारत ऐकलंयही. पण तो टेप वाजायचा कधी? स्कूटर स्टँडवर लावून पानटपरीपाशी मालक उभा असला की. किंवा ट्रॅक्टर पाळीत उभा असला की. आजही हळदीच्या हंगामात हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते तेव्हा रात्र काढायला गाणीच असतात, आणि त्याला नावं ठेवणाऱ्याने आधी एक रात्र पोत्यांवर झोपून दाखवावी. वाहन उभं असताना वाजणारं गाणं आणि पळत्या मोटरसायकलवरचं गाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे वारा आहे.

ह्या वाऱ्याचंच गणित कोणी करत नाही. शंभरच्या आसपास वेग असला की हेल्मेटच्या आत, कानाशी, वाऱ्याचाच आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. ऐंशीला थोडा कमी, पण फार नाही. शिवाय हा आवाज मुख्यतः खर्जातला, घुमणारा. म्हणजे गाण्यातला ढोलक, तबल्याचा बाया, बेस गिटार, हे आधी मरतं. चार इंची स्पीकरला खर्ज मुळात नसतोच; त्यातून पत्र्याच्या फटी राहिलेल्या डब्यात बसवला की पडद्याच्या पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींना खाऊन टाकतात. उरतं काय, तर झांज आणि गायकाची किंचाळी. ती ऐकू यावी म्हणून पोरगं आवाज वाढवतं. तो वाऱ्याच्या वर नेल्याशिवाय गाणं कानात शिरणारच नाही. म्हणजे धरा ९५ डेसिबल.

मग म्हणे, म्हणून तर मोठा ॲम्प्लिफायर पाहिजे काका! ह्या वॉटच्या आकड्यांनी जेवढी फसवणूक केली तेवढी चिटफंडवाल्यांनीही केली नसेल. (जुन्या टू-इन-वनवर "१००० वॉट पीएमपीओ" असं चिकटवलेलं आठवतंय का? आणि आत चार पेन्सिल सेल!) बारा व्होल्टच्या बॅटरीवर, व्होल्टेज चढवणारा वेगळा भाग नसेल तर, चार ओहमच्या स्पीकरला खरी ताकद मिळते ती साधारण १८ वॉट. इंजिन चालू असून १४.४ व्होल्ट मिळाले तर २६. डेकच्या खोक्यावर "५० वॉट गुणिले चार" लिहिलेलं असलं तरी. समजा पुतण्याने वेगळा ॲम्प्लिफायर लावला, खोक्यावरचे ४०० सोडा, खरोखरीचे १०० वॉट मिळवले. १८ वरून १०० म्हणजे फक्त साडेसात डेसिबलची वाढ. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. बावीस हजार खर्चून आवाज दुप्पटसुद्धा नाही!

आणि ही ताकद येणार कुठून? आबांच्या बुलेटचं अल्टरनेटर काय कुवतीचं आहे ते तिच्याच ॲमीटरला विचारा. हेडलाइट लावून गाडी नाक्यावर मंद धडधडत उभी केली की काटा मायनसकडे झुकतो. म्हणजे साध्या दिव्यालाच बॅटरीतलं भांडवल खावं लागतंय. त्यावर १०० वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात चालला तर दहा अँपिअर ओढेल. गाणं काही सतत पूर्ण जोरात नसतं, सरासरी बरीच कमी येते, हे मान्य. पण ढोलकाच्या प्रत्येक थापेला हेडलाइट मिचकावताना मी स्वतः पाहिलाय. रात्री रस्त्यावर बैल आडवा असतो तेव्हा दिवा थापेवर ताल धरून चालत नाही. ज्यांच्याकडे जुनी स्प्लेंडर आहे त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. तिचा हेडलाइट बॅटरीवर नसतोच, तो थेट मॅग्नेटोवर, म्हणून रेस दिली की उजळतो. बॅटरी अडीच अँपिअर-अवरची, हॉर्न आणि इंडिकेटरपुरती. दोन-अडीच अँपिअरचा स्टिरिओ लावला आणि चार्जिंग पुरलं नाही तर तासाभरात हॉर्नही मुका. वायर जोडणारा तर किल्लीच्या वायरीला ब्लेडने खरवडून तिथेच पीळ मारतो, वर काळी टेप गुंडाळतो. फ्यूज? "लागत नाही हो काही."

इथवरचा हिशेब वाजवणाऱ्याच्या खिशाचा होता. आता नाक्यावर राहणाऱ्यांचा.

बाहेरच्या वाचकांसाठी: कनेरगाव नाका म्हणजे हिंगोलीहून वाशिमला जाताना जिल्ह्याचं शेवटचं मोठं गाव. (सेनगाव तालुक्यातलं पानकनेरगाव ते वेगळं, तिथे जाऊन मला फोन करू नका. एक मेहुणे गेले होते.) पलीकडे पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड सुरू. रिसोडकडे जायचा रस्ताही इथूनच फुटतो. अकोल्याहून नांदेडकडे जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, तोच पुढे हैदराबादच्या बाजूला जातो. रस्ता रुंद झाल्यापासून मोटरसायकलवर लांबच्या सफरी करणाऱ्यांच्या टोळ्या वाढल्यात. जाकिटं, बॅगा, गुडघ्यांना कवचं. बहुतेक पोरं चांगली असतात, चहा पितात, म्हाताऱ्यांना रस्ता विचारतात, आदबीने बोलतात. पण दहांत एक दोन गाड्यांवर स्पीकर असतोच.

आणि गंमत अशी की ह्या स्पीकरचा त्रास मोकळ्या रस्त्यावर कोणालाच नाही. मोकळ्या रस्त्यावर तो वाजवणाऱ्यालाही धड ऐकू येत नाही. त्रास होतो तो गावात. ऐंशीच्या वाऱ्यावर मात करायला लावलेला आवाज, गतिरोधक आला की वेग पंधरावर येतो, वारा पडतो, आणि आवाज मात्र ऐंशीचाच राहतो. बटण खाली करायला हात मोकळा कुठे असतो, एक क्लचवर, एक ब्रेकवर. तोच क्षण आमच्या घरांसमोरचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. हँडलपासून चालवणाऱ्याच्या कानापर्यंत पाऊण मीटर धरा आणि रस्त्यापासून आमच्या ओसरीपर्यंत अकरा-बारा मीटर. म्हणजे चार वेळा दुप्पट, चोवीस डेसिबल कमी. ९५ चे ७१ उरले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसाची मर्यादा ५५ आहे आणि रात्रीची ४५. ती सरासरीची मर्यादा असते, एका गाडीच्या दहा सेकंदांवर बोट ठेवून मी कायदा सांगत नाहीये. पण रात्री एक वाजता दहा सेकंद पुरतात. दहावीची पोरं नुकती झोपलेली असतात, बाळंतीण असते, दम्याचा म्हातारा असतो ज्याला तीन वाजेपर्यंत डोळा लागत नाही आणि एकदा मोडला की मग उजाडेपर्यंत नाहीच. ट्रक रात्रभर जातात, त्यांची सवय होते. तो एकसुरी घरघराट असतो. माणसाचा आवाज, शब्द असलेला, चाल असलेला, झोपेतही कान टवकारून ऐकला जातो.

"बुलेटवाल्यांनी आवाजावर बोलावं?" असं एका मित्राने परवा विचारलंच. बोलावं. कंपनीचा मूळ सायलेन्सर असलेली बुलेट धडधडते, पण झोप मोडत नाही. फटाके फोडणारे सायलेन्सर बसवतात त्यांच्यासाठी शहरोशहरी पोलीस रोलर फिरवतात, आणि मला त्या फोटोंचा आनंद होतो. स्पीकरवर मात रोलर फिरत नाही.

फिरतो तो दुसऱ्याच कोणावर. आमच्याकडे एमएटीवर एक माणूस येतो, केसांवर भांडी देणारा. मागे दोन्ही बाजूंना स्टीलचे डबे-पातेली, पुढे हँडलला छोटा भोंगा, त्यात त्याच्याच आवाजात भरलेली हाळी, पुन्हा पुन्हा. बायका महिनोन्महिने विंचरताना निघालेले केस पिशवीत साठवून ठेवतात ते त्याच्यासाठी. त्याच्या गाडीवरचा भोंगा हे त्याचं पोट आहे. तो भोंगा नसेल तर त्याला दारोदार उतरून ओरडावं लागेल, आणि पन्नाशीच्या माणसाचा गळा गावाला किती पुरणार? एका आठवडी बाजारात एका शिपायाने त्याचा भोंगा काढून घेतला, चार दिवस हेलपाटे मारायला लावले. त्याच रस्त्याने त्याच दिवशी जाकिटवाल्यांच्या दणदणत्या गाड्या गेल्या असतील, त्यांना कोणी हात केला नाही. मी त्या माणसाला एकदा पाहिलं, वरच्या आळीत एका घरापुढे मांडव होता, मयतीचा. कोपऱ्यावरच त्याने भोंगा बंद केला, गाडी बंद करून ढकलत नेली, आळी संपल्यावर चालू केली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला कळतं कारण तो गावात थांबतो, त्याला उद्या परत यायचंय. नुसतं जाणाऱ्याला कोणत्या दारात काय आहे ते दिसणार कसं? म्हणून त्याने निदान गप्प जावं.

आता तिसरा मुद्दा, आणि ह्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो. पुतण्या म्हणतो, परदेशात टूरिंगच्या गाड्यांना कंपनीच स्टिरिओ देते. खरं आहे. होंडाची गोल्ड विंग १९७५ साली आली तेव्हा उघडीनागडी होती; १९८० च्या इंटरस्टेट मॉडेलला कारखान्यातूनच मोठी काच, सामानाच्या पेट्या आणि हवा असेल त्याला स्टिरिओ मिळू लागला. पण काच आधी, मग स्टिरिओ, हा क्रम बघ. त्या काचेमागे चालवणाऱ्यापुढे शांत हवेचा कप्पा तयार होतो. इंजिन चार सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं, शिवणयंत्रासारखं गुळगुळीत. अल्टरनेटर कारच्या तोडीचं. आणि रस्ता असा की मैलोन्मैल आडवं काही येत नाही. त्यातलं आबांच्या बुलेटकडे काय आहे? फक्त दोन चाकं जुळतात.

आबांच्या बुलेटकडे पेट्रोलचा काटा नाही. इंजिन तापल्याचा दिवा नाही. ऑइल संपल्याचा दिवा नाही. ज्याला हल्लीची पोरं सेन्सर म्हणतात तसं तिच्यात एकच आहे, ते म्हणजे चालवणाऱ्याचे कान. टॅपेट सैल झाले की वरून टिकटिक येते, चहाच्या ग्लासवर चमचा वाजवावा तशी. फार आवळले गेले की ती टिकटिक पूर्ण बंद होते, आणि ते अधिक वाईट, व्हॉल्व्ह जळतो. चढावर टॉपमध्ये ओढली की इंजिन आतून ठोकू लागतं, खडे हलवल्यासारखं; ते ऐकलं की गिअर उतरवायचा. चेन लोंबली की रेस सोडल्यावर डब्याला फटके मारते. पेट्रोल संपत आलं की दोन ठोके चुकतात, तेव्हा डावा हात आपोआप खाली रिझर्व्हच्या कॉककडे जातो. आबा रात्री अंगणात झोपलेले असत, दादा गाडी घेऊन यायचा, आणि आबा पडल्या पडल्या म्हणायचे, "टॅपेट बघ उद्या." गाडी अजून वळणावर असायची! ही काही जादू नव्हती. वीस वर्षं त्यांनी तिच्यावर दुसरं काही ऐकलं नव्हतं, इतकंच.

आणि आरसे. ज्याने लोखंडी बुलेट चालवलीय त्याला विचारा, साठच्या पुढे आरशात काय दिसतं. काहीच नाही, सगळं थरथरतं, मागे ट्रक आहे का झाड आहे कळत नाही. मागून येणारं वाहन आपण कानांनी बघतो. तू साठने चालला आहेस आणि मागून ट्रक ऐंशीने येतोय. फरक ताशी वीस किलोमीटर, सेकंदाला साडेपाच मीटर. पन्नास मीटरवरून त्याने हॉर्न दिला तर तुझ्यापाशी नऊ सेकंद आहेत. ते नऊ सेकंद तू कडव्याच्या शेवटात घालवणार असशील तर हेल्मेट कितीही महागाचं घे.

हेल्मेटमधले छोटे स्पीकर घेतले तर? शेजाऱ्यापाजाऱ्यांची सुटका होते, तेवढं खरं. रस्ता सांगणाऱ्या बाईचा आवाज हळू ठेवून ऐकायला माझी हरकत नाही. पण गाणी तिथेही वाऱ्याच्या वर न्यावी लागतात, आणि ती सरळ कानाच्या पडद्याशी. नव्वदच्या वरचा आवाज तासन् तास ऐकून कान कायमचे जातात. पिठाच्या गिरणीत आयुष्य गेलेल्यांशी बोलून बघ, किती मोठ्याने बोलावं लागतं ते. रात्री झोप येते म्हणून गाणी लागतात असंही त्याचं म्हणणं आहे. झोप येते तर थांबावं रे बाबा! गाण्याने डोळे उघडे राहतात, डोकं झोपलेलंच असतं. महामार्गावर धाब्यांचा दुष्काळ नाही, बाजेवर अर्धा तास आडवं व्हायला कोणी पैसेही घेत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी आवाजावर सविस्तर निकाल दिला, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला मनाई पक्की केली. त्याला वीस वर्षं होऊन गेली. मी कायद्याचा धाक घालत नाहीये, त्याला कोण घाबरतं ते आपण सगळे जाणतो. आपल्याकडे कुणाची वरात, कुणाची मिरवणूक, सगळ्यांच्याच भिंतीएवढ्या पेट्या आहेत आणि त्याबद्दल बोलायला गेलं की माणूस आधी तुमची जात बघतो, मग मुद्दा. त्या भांडणात मी पुतण्याला ओढत नाही. पण आपली स्वतःची गाडी, आपलं स्वतःचं बटण, इथे तरी कुणाच्या भावना दुखावणार नाहीत.

तर आता बावीस हजारांचं काय करायचं ते सांगतो. दोन्ही टायर आधी. आबांचे टायर दिसायला नक्षीदार आहेत पण रबर दगड झालंय, ओल्या डांबरावर साबणासारखे घसरतील. मग हेडलाइटला रिले लावून बॅटरीतून सरळ जाड वायर, म्हणजे जेवढा करंट आहे तेवढा तरी दिव्यापर्यंत पोचेल. सध्या अर्धा जुन्या स्विचमध्येच गरम होऊन जातो. चेन-स्प्रॉकेट जोडीने. क्लचची आणि रेसची प्रत्येकी एक जादा केबल, सीटखाली गुंडाळून. चांगला हॉर्न. वायरिंग सगळं नवं, फ्यूजसकट. एवढं करून पैसे उरतील, त्यात हैदराबादला बिर्याणी खा, मित्रांनाही चार.

टॅपेट इथे येऊन कर. शनिवारी रात्री ये, मुक्काम कर, इंजिन रात्रभर गार होऊ दे, टॅपेट थंड इंजिनावरच लावतात. आपल्या नाक्यावरच्या मिस्त्रीला दुसऱ्या बाजूचा कान लावून ऐकायची सवय आहे, तो पान्याचं टोक इंजिनला टेकवून मूठ कानाशी धरतो. त्याच्याकडून तेवढं शिकून घे. आणि ते चार इंची स्पीकर ऑर्डर केलेच असतील (मला शंका आहे), तर परत पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. एक इकडे घेऊन ये. केसांवर भांडी देणाऱ्याचा भोंगा गेल्या पावसाळ्यापासून फाटका वाजतो.